चाकाला धाव हवी

काय दोस्तांनो, पोळा कसा झाला? बैलांच्या पाठीवर झुली, शिंगांना बेगड आणि घरोघरी पुरणपोळी! आपल्या विदर्भात तर दुसऱ्या दिवशी खास तुमचा पोळा असतो, तान्हा पोळा. लाकडी नंदीला चाकं लावायची, दोरी बांधायची आणि घरोघरी बोजारा मागत फिरायचं.

यंदा आमच्या शाळेच्या पटांगणात नंद्यांची रांग लागली आणि त्या रांगेत एक भलताच प्राणी येऊन उभा राहिला. लाल रंगाची, हातभर लांबीची रिमोटची गाडी! चौथीतल्या एका मुलाच्या मामानं ती नागपूरहून आणली होती. बटण दाबलं की पुढं, दुसरं दाबलं की मागं. नंद्यांकडं कुणी बघेना. त्या मुलाचं नाव त्या दिवसापासून 'रिमोटवाला' पडलं.

व्हरांड्याच्या फरशीवर गाडी सुसाट धावली. मग पोरं म्हणाली, "कडुलिंबाला वळसा घालून दाखव!" आमचं पटांगण मुरमाचं आहे आणि हापशीजवळ बाराही महिने चिखल. गाडी मुरमावर उतरली आणि तिची मागची चाकं गरगर फिरू लागली. गाडी मात्र जागच्या जागी! थोडं ढकलल्यावर कशीबशी निघाली, ती हापशीजवळ जाऊन रुतली.

"बाई, चाकं तं फिरून रायले, पण गाडी काहून नाही चालत जी?"

प्रश्न विचारणारा मुलगाही चौथीतलाच. वर्गात मागं बसणारा, फारसा न बोलणारा. त्याचा प्रश्न लाखमोलाचा होता. मी लगेच उत्तर दिलं नाही. म्हणाले, "या गाडीला चिखलातून बाहेर काढणारे टायर जो बनवेल, त्याला माझ्याकडून शाबासकी आणि एक पेन!"

इथं माझी एक चूक झाली. ती मला दुसऱ्या दिवशी कळली. ती सांगतेच, पण आधी चाकाकडं वळू.

चाक फिरतं, पण जमीन धरतं का?

तुम्ही चालता तेव्हा पाय जमिनीला मागं ढकलतो, म्हणून तुम्ही पुढं जाता. शेवाळलेल्या दगडावर पाय मागं सटकतो आणि आपण आपटतो. कारण तिथं पायाची आणि दगडाची पकड नसते. त्या पकडीलाच शाळेच्या पुस्तकात घर्षण म्हणतात. चाकाचंही तसंच. मोटर चाकाला फिरवते, पण गाडीला पुढं नेते ती चाकाची आणि जमिनीची पकड.

रिमोटवाल्याच्या गाडीचे टायर होते कडक, गुळगुळीत प्लॅस्टिकचे. मुरमावरचे बारीक खडे त्यांच्याखाली गोट्यांसारखे लोळत होते. मग चाक जमीन धरणार कसं?

आता बैलगाडी आठवा. लाकडी चाकाच्या कडेवर लोखंडाची पट्टी असते. तिला आपल्याकडं 'धाव' म्हणतात. किती नेमका शब्द, नाही? लोहार ती पट्टी लाल होईस्तोवर तापवतो. तापली की ती थोडी मोठी होते. मग ती चाकावर चढवून वर पाणी ओततात. चर्रर्र आवाज होतो, पट्टी आकसते आणि चाकाला करकचून आवळते. लोखंडी धाव लवकर झिजत नाही, पण दगडावर घसरते आणि बसणाऱ्याची हाडं खिळखिळी करते. म्हणून आता पुष्कळ बैलगाड्यांना रबरी टायर लावतात.

रबराची गंमत अशी, की ते दबतं. जमिनीवरच्या बारीक खाचाखोचांत ते शिरतं आणि जमीन धरून ठेवतं. पण कच्चं रबर उन्हात चिकट होतं आणि थंडीत ठिसूळ होतं. ते गंधकाबरोबर तापवलं तर टिकाऊ बनतं, हे अमेरिकेतल्या चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ साली शोधलं. पुढं आयर्लंडमधल्या बेलफास्ट शहरात जॉन बॉइड डनलॉप नावाचे गुरांचे डॉक्टर होते. त्यांच्या मुलाची तीनचाकी सायकल दगडी रस्त्यावर फार आदळायची. डनलॉपनी काय केलं? रबराची नळी केली, तिच्यात हवा भरली आणि ती चाकाला गुंडाळली. मग साधं चाक आणि हवेचं चाक अशी दोन्ही अंगणात लोटून पाहिली. हवेचं चाक लांबवर गेलं! १८८८ साली त्यांनी त्याचं पेटंट घेतलं. गंमत म्हणजे रॉबर्ट थॉमसन या माणसानं चाळीसेक वर्षं आधी, १८४५ मध्येच, असं पेटंट घेतलं होतं. पण तेव्हा त्याची कुणाला फारशी गरजच वाटली नाही. आपल्या लेकराला दणके बसतात म्हणून अंगणात चाकं लोटत बसलेले बाबा मला मात्र फार आवडतात.

एक चप्पल कुठं गेली?

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या रांगेत तो प्रश्न विचारणारा मुलगा एका पायावर दुसरा पाय ठेवून उभा. मी खाली पाहिलं. एका पायात चप्पल, दुसरा पाय उघडा!

"चप्पल कुठं आहे रे?"

तो खाली बघत म्हणाला, "एकच कापली जी बाई. दुसरी हाय ना!"

त्यानं खिशातून रबराच्या चार गोल चकत्या काढल्या. आपली स्लीपर कापून, मधे भोक पाडून त्यानं टायर बनवले होते. इतके गोल, की मला कंपासनंही जमले नसते.

दोस्तांनो, माझ्या पोटात धस्स झालं. भादव्याचे दिवस, रानातली वाट, गवतात काटे आणि साप-विंचू. आणि हे लेकरू एका पायानं अनवाणी आलेलं, माझ्या एका पेनसाठी! त्याला काय रागावणार? शर्यत लावली मीच. सामान कुठून आणायचं, हे सांगायला विसरले तेही मीच. मी वर्गासमोर तसं कबूल केलं आणि फळ्यावर एक नियम लिहिला. 'पायातलं काढून चाकाला घालायचं नाही. वापरातली वस्तू कापायची नाही. फक्त भंगार!'

आठवडी बाजारातून मी त्याच्यासाठी चपलेचा जोड आणला. त्याच्या आईनं तो ठेवून घेतला, पण दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर पिशवीभर दोडके आले. कुंपणावरचे, कोवळे. तेही मी मुकाट्यानं घेतले.

फळीवरची परीक्षा

चकत्या बनल्याच होत्या, म्हणून आम्ही त्या लावून पाहिल्या. फरशीवर पकड अशी जबर, की गाडी जोरात वळली आणि कोलांटी उडी मारून उलटी पडली! सगळे खो खो हसले. रिमोटवाल्याचं तोंड मात्र एवढंसं झालं. त्याच्या गाडीचा आरसा तुटला होता. चपलीवाला घाबरून मागं सरकला. रिमोटवाला क्षणभर गप्प राहिला, मग म्हणाला, "आरसा कायले पाहिजे? आतमंदी ड्रायवर कुठं हाय?" मला हायसं वाटलं.

म्हणजे पकड कमी झाली तरी पंचाईत, जास्त झाली तरी पंचाईत. अति तिथं माती! मोठ्या शर्यतींतसुद्धा असंच होतं बरं का. रेडिओवर चालणाऱ्या छोट्या गाड्यांच्या जागतिक स्पर्धा होतात. खऱ्या गाडीच्या एक दशांश मापाच्या, मातीवर धावणाऱ्या विजेच्या गाड्यांची पहिली जागतिक स्पर्धा १९८५ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या डेल मार इथं झाली. हे शर्यतवाले पेटीभर टायर घेऊन येतात. मऊ, कडक, काट्यांचे, गुळगुळीत. त्या इवल्या टायरांत सहसा हवा नसते, स्पंजाची कडी असते. गाडी वळताना उलटू लागली, तर काही जण पुढच्या टायरच्या बाजूला मुद्दाम गोंदाचा हात देतात. कडा कडक होते, पकड थोडी कमी होते आणि गाडी उलटायची थांबते.

मग आम्हीही पेटी तयार केली. सायकलच्या दुकानातून फाटक्या ट्यूबचे तुकडे मागून आणले. ट्यूब आडवी कापली की बांगडीसारखं कडं मिळतं. ते ताणून प्लॅस्टिकच्या चाकावर चढवलं की गच्च बसतं. कचऱ्यात पडलेल्या जुन्या स्लीपरच्या चकत्या केल्या आणि त्यांच्या कडेला करवतीसारखे दात पाडले.

परीक्षेसाठी दोन हात लांबीची फळी घेतली. गाडीची चाकं दोऱ्यानं बांधली, म्हणजे ती फिरणार नाहीत. गाडी फळीवर ठेवून एक टोक हळूहळू उचललं. प्लॅस्टिकच्या टायरची गाडी वीतभर उचललं न उचललं तोच घसरली. ट्यूबची कडी चढवल्यावर दोन वितींच्या वर उचललं तरी जागची हलली नाही! मग फळीवर मुठभर कोरडी माती भुरभुरली. आता ट्यूबवाली गाडीही लवकर घसरली. म्हणजे टायर तोच, पण जमीन बदलली की निकाल बदलला.

जमिनीला विचारा

हे शेतकऱ्याला कधीचंच ठाऊक आहे. ट्रॅक्टर नीट बघा. पुढच्या लहान टायरवर गोल फिरणाऱ्या उभ्या धारा असतात. त्या गाडीला वळवतात. मागच्या मोठ्या टायरवर तिरपे, जाड ठोकळे असतात. ते माती रेटतात. रोवणीच्या आधी बांधीत चिखल करायचा असला, की ट्रॅक्टरला पिंजऱ्यासारखी लोखंडी चाकं लावतात, कारण पातळ चिखलात रबरही हार खातं. पण तीच चाकं डांबरी रस्त्यावर नेली तर रस्त्याची चाळण होते. चंद्रपूरजवळ दुर्गापूर, पद्मापूरकडं कोळशाच्या उघड्या खाणी आहेत. तिथल्या डंपरचा टायर तुमच्या बाबांपेक्षा उंच असतो आणि त्यावर खोल खाचा असतात. आणि शर्यतीच्या मोठ्या मोटारी? कोरड्या रस्त्यावर त्यांचे टायर चक्क गुळगुळीत असतात, म्हणजे जास्तीत जास्त रबर रस्त्याला टेकतं. पाऊस आला की लगेच खाचांचे टायर, म्हणजे खाचांतून पाणी बाहेर पडतं.

मऊ रबर चांगलं धरतं, पण भराभर झिजतं. कडक रबर टिकतं, पण कमी धरतं. मोठा, जड टायर लावला तर मोटरवर ताण येतो आणि सेल लवकर संपतात. म्हणून 'सगळ्यांत चांगला टायर कोणता?' हा प्रश्नच अर्धा आहे. पुढं 'कुठल्या जमिनीसाठी?' हे जोडलं की तो पुरा होतो.

शर्यतीचा दिवस

शनिवारी सकाळची शाळा. व्हरांड्याच्या पायरीपासून कडुलिंबापर्यंत जायचं आणि परत यायचं. आदल्या दिवशी कोरड्या मुरमावर ट्यूबच्या कड्यांनी गाडी झक्क पळाली होती. पोरं म्हणाली, "हेच ठेवा!" पण रात्री पाऊस झाला.

सगळे माझ्याकडं बघू लागले. मी चपलीवाल्याकडं बघितलं. तो पटांगणात गेला. त्यानं नवी चप्पल काढून बाजूला ठेवली आणि उघड्या पायानं मुरूम दाबून पाहिला. मी ओरडणारच होते, पण तेवढ्यात तो म्हणाला, "वरून ओला हाय, खालून टणक. मागं दातवाले लावा, समोर ट्यूबवाले राहू द्या."

मागं रेटायला दात, पुढं वळायला ट्यूब. पोरानं ट्रॅक्टरच बनवला की!

गाडी निघाली. सगळा वर्ग मोठ्यानं अंक मोजत होता. हापशीजवळ ती अडखळली, दातांत चिखल भरला, पण बाहेर पडली! कडुलिंबाला वळसा घालून पायरीला टेकली तेव्हा आम्ही ४३ वर होतो. आधीच्या गाडीला तर ही फेरी पुरी करताच आली नव्हती. पेन चपलीवाल्याला मिळालं. रिमोटवाल्यानं त्याच्या हातात रिमोट दिला आणि म्हणाला, "आता तू चालव."

तो मुलगा आता मागं बसत नाही. दुसऱ्या बाकावर आलाय.

करून पाहा

एक फळी, एक खेळण्यातली गाडी, दोरा आणि फाटकी ट्यूब घ्या. चाकं बांधा आणि फळी उचला. गाडी कितव्या वितीला घसरते, ते वहीत लिहा. मग फळी ओली करा, तिच्यावर माती टाका, पोतं अंथरा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, म्हणजे फरक कशामुळं पडला ते कळतं. कात्री चालवताना मोठं माणूस शेजारी हवंच.

आणि आईबाबांनो, घरातून एखादी चप्पल गायब झाली तर आधी रागावू नका. एकदा विचारा, "कशाला कापली रे?" उत्तर ऐकून मग काय ते ठरवा.

आता तुमच्यासाठी प्रश्न. सायकलची हवा थोडी कमी असली, तर रेतीतून ती सोपी जाते, पण डांबरी रस्त्यावर जड का चालते? विचार करा आणि पत्रानं कळवा.

तुमची,
बाई