आटे गेले, त्याची गोष्ट

आमच्या घरी १९६८ सालची फियाट आहे. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली. तो कारखाना ज्यांनी उभा केला ते वालचंद हिराचंद आमच्या शेजारच्या सोलापूरचे, म्हणून वडिलांना त्या गाडीचा जरा जास्तच अभिमान होता. जाणकारांच्या हिशेबात 'व्हिंटेज' म्हणजे १९३० पर्यंतच्या गाड्या. पण २०२१ च्या केंद्र सरकारच्या नियमाने मूळ रूपात जपलेल्या, पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांनाही तो मान मिळाला. आमच्या नातवाने तेव्हापासून गाडीला 'आजोबा' म्हणायला सुरुवात केली आहे.

गेल्या नवरात्राआधी या आजोबांना घेऊन तुळजापूरला जायचं ठरलं. धाराशिवहून अंतर जेमतेम वीस-बावीस किलोमीटर. म्हटलं, प्लग आपणच साफ करू. तीन प्लग बसले. चौथा थोडा अडला. मी पान्याला जोर दिला. मग 'आणखी थोडा' दिला आणि एकाएकी पाना हलका झाला. प्लग नुसताच गोल फिरू लागला. पोटात गोळा आला. आटे गेले होते.

इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं आणि प्लग पोलादाचा. मऊ धातूत कठीण धातू तिरका शिरला की तो वाट विचारत नाही, स्वतःची काढतो. दोन-तीन ठिकाणी विचारलं. एकाने सांगितलं, "हेड बदला." दुसऱ्याने सांगितलं, "गाडीच काढून टाका." शेवटी एकच जागा उरली. जुन्या बाजारामागची, पत्र्याच्या शेडमधली लेथ. तिथे जायला मी दोन दिवस टाळाटाळ केली. कारण पुढे सांगतो.

चाचांनी भोकात बोट फिरवलं आणि म्हणाले, "साहेब, लोखंडाला जोर चालतो. ॲल्युमिनियमची समजूत घालावी लागते."

त्यांनी हेड उतरवलं. प्लगचे आटे चौदा मिलिमीटरचे. ते भोक त्यांनी मोठं करून त्यात अठराचे आटे पाडले. टॅप अर्धा वेढा पुढे, पाव वेढा मागे, म्हणजे कीस तुटून बाहेर येतो. वर रॉकेलचे थेंब, म्हणजे ॲल्युमिनियम टॅपला चिकटत नाही. मग लेथवर पोलादी सळईतून एक बुश उतरवला. त्याला बाहेरून अठराचे आटे, आतून चौदाचे. बुश बसवून, पुन्हा फिरू नये म्हणून कडेला पंच मारून पक्का केला आणि आतलं टोक घासून सपाट केलं. ते बाहेर राहिलं तर ज्वलनकक्षात तापून लाल होतं आणि इंजिन अवेळी पेट घेतं. मोठ्या शहरांत यासाठी पोलादी तारेचं तयार वेटोळं मिळतं. तत्त्व तेच. झिजलेल्या मऊ आट्यांच्या जागी कठीण आटे. दुरुस्त झालेली जागा मूळच्याहून भक्कम होते.

सगळा खर्च अठराशे रुपये झाला. पैसे देताना मला राहवलं नाही. विचारलं, "चाचा, मला ओळखलंत?"

"पहिल्याच दिवशी ओळखलं, साहेब."

१९८९ मध्ये मी इथल्या एका बँकेच्या शाखेत कर्जाचे अर्ज पाहत असे. याच माणसाने लेथसाठी कर्ज मागितलं होतं. मी शेरा मारला, 'तारण अपुरे'. नियमाने ते बरोबरच होतं. मी त्यांच्या शेडवर जाऊन त्यांचं काम मात्र पाहिलं नाही. चाचांनी सोलापूरहून जुनी लेथ आणली, सावकाराच्या पैशाने. ते व्याज फिटायला सात वर्षं लागली. हे त्यांनी कुरकूर न करता सांगितलं, म्हणून जास्त लागलं. त्या शेऱ्यावरही मी 'आणखी थोडा' जोर दिला होता.

आज काळ बदलला आहे. २०१५ पासून मुद्रा योजनेत विनातारण कर्ज मिळतं. २०२३ मध्ये आलेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत. त्यांत लोहार आहे, सुतार आहे, कुलपं करणारा आहे. लेथवरचा टर्नर नाही, मोटार दुरुस्त करणारा मिस्त्री नाही. जणू हातातलं कसब विजेच्या मोटरला जोडलं की ते कसब उरत नाही! पण आमच्या दुष्काळी जिल्ह्यात बोअरचा पंप, मळणीयंत्र, ट्रॅक्टर वेळेवर चालू राहतो तो याच माणसांमुळे. पेरणीच्या दिवसांत तुटलेला बोल्ट दोन तासांत तयार मिळणं याची किंमत शेतकऱ्याला विचारा.

चाचांची दोन्ही मुलं पुण्याकडे कंपनीत आहेत. शेडमध्ये शिकणारं कोणी नाही. आयटीआयमध्ये टर्नरचा अभ्यासक्रम आहे. तिथल्या मुलांना सहा महिने अशा शेडमध्ये पाठवावं, मुलाला विद्यावेतन द्यावं आणि मिस्त्रीला शिक्षक म्हणून मानधन. यात अवघड काही नाही. अवघड आहे ते मिस्त्रीला 'गुरुजी' म्हणणं.

आमच्या जिल्ह्यात तेर आहे, प्राचीन तगर. तिथल्या संग्रहालयात दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिरांच्या वस्तू आपण काचेआड जपतो, मुलांना नेऊन दाखवतो. ते योग्यच आहे. पण त्याच मुलांना आपण कधी लेथ दाखवायला नेतो का? मेलेल्या हातांचं कौतुक आणि जिवंत हातांना 'तारण अपुरे', हा हिशेब मला आता जुळवता येत नाही.

नवरात्रात आम्ही तुळजापूरला जाऊन आलो. घाटात गाडी एकदाही अडली नाही. परतल्यावर चाचांनी सांगितलेला नियम मी नातवाला शिकवला. प्लग आधी बोटांनी फिरवायचा, पार टेकेपर्यंत. अडला तर पाना घ्यायचा नाही, उलटा फिरवून पुन्हा सुरुवात करायची. टेकल्यावर मग पाना, तोही नवा प्लग असेल तर जेमतेम अर्धा वेढा.

पुढच्या रविवारी तो शेड पाहायला येणार आहे. मी चाचांना विचारून ठेवलं आहे.