दोष मटणाला, मीठ चीजचं!

रक्तदाबाच्या रुग्णाला आहार विचारला की भिवंडीत हमखास एक उत्तर मिळतं : "डॉक्टर, मटण तर कधीच सोडलं." मग मी विचारतो, चीज? "ते चालतं ना, दुधाचं असतं!"

आजचा लेख या दोन वाक्यांवर आहे. मटणाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं आणि चीजला पाहुणा म्हणून घरात घ्यायचं, हा घरोघरी चालणारा न्याय मला मान्य नाही. उदाहरण म्हणून सध्या मोबाइलवर बघून तरुण मुलं घरी करतात ते गरमागरम स्टेक-चीज सँडविच घेऊ. आईवडील म्हणतात, "हॉटेलचं नाही डॉक्टर, घरीच केलंय." घरी केलं ही चांगलीच गोष्ट आहे. पण पाकिटातलं मीठ घरच्या तव्यावर आल्याने कमी होत नाही.

मूळ सँडविचमध्ये चीज नव्हतंच

हे सँडविच अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरातलं. १९३० च्या दशकात पॅट आणि हॅरी ऑलिव्हिएरी या भावांनी मांसाचे पातळ काप कांद्याबरोबर तव्यावर परतून पावात भरून विकायला सुरुवात केली. चीज नंतरच्या काळात आलं. म्हणजे "चीजशिवाय मजा नाही" हे काही मूळ पाककृतीने सांगितलेलं नाही.

तिकडे हे गोमांसाचं करतात. महाराष्ट्रात २०१५ पासून गाईबरोबरच बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे. त्यामुळे आपल्याकडे हे सँडविच म्हशीच्या मांसाचं, म्हणजे बाजारात ज्याला 'बडेका' म्हणतात त्याचं, किंवा बकऱ्याच्या मटणाचं होतं. कोण काय खातो हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे. माझा प्रश्न मिठाचा आहे.

हिशोब मांडू या

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने दिवसभरात २००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम घ्यावं. म्हणजे साधारण ५ ग्रॅम, एक सपाट चमचा मीठ. आता एका सँडविचमधलं सोडियम पाहा. आकडे अंदाजे आहेत, कंपनीनुसार थोडेफार बदलतील :

- ब्रेडच्या दोन मोठ्या स्लाइस : ३०० मि.ग्रॅ.
- प्रोसेस्ड चीजच्या दोन स्लाइस (४० ग्रॅम) : ५५० मि.ग्रॅ.
- मीठवालं बटर, १० ग्रॅम : ८० मि.ग्रॅ.
- टोमॅटो सॉस, एक मोठा चमचा : १५० मि.ग्रॅ.
- सोया सॉस, एक लहान चमचा : ३०० मि.ग्रॅ.
- मांस, १०० ग्रॅम, मीठ न लावलेलं : ७० मि.ग्रॅ.

बेरीज १४५० मिलिग्रॅम. दिवसाच्या कोट्यातला जवळजवळ पाऊण हिस्सा एका सँडविचमध्ये संपला. अजून मांसाला मीठ लावलेलं नाही, रात्रीची आमटी-भाजी व्हायची आहे, लोणचं-पापड बाकी आहे. या बेरजेत एकट्या चीजचा वाटा एक तृतीयांशाहून जास्त आहे आणि ज्याच्या नावाने सगळे बोटं मोडतात त्या मांसाचा जेमतेम विसावा!

चीजमध्ये एवढं सोडियम कुठून येतं? चीज बनवताना मीठ घालतातच. प्रोसेस्ड चीजमध्ये वर सोडियम सायट्रेट, सोडियम फॉस्फेट असे क्षार मिसळतात. त्यांच्यामुळेच चीज तूप न सुटता गुळगुळीत वितळतं. ज्या गुळगुळीत वितळलेल्या चीजचे तुम्ही फोटो काढता, तो गुळगुळीतपणा या क्षारांची करामत आहे. ते जिभेला खारट लागत नाहीत, म्हणून कळतही नाही. रक्तदाबाला मात्र कळतं.

मग मटण निर्दोष का?

नाही. खोटं बोलून मटणाची वकिली मला करायची नाही. लाल मांसात संपृक्त चरबी असते. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाल मांसाला 'कर्करोगास बहुधा कारणीभूत' आणि सलामी, सॉसेज, बेकन अशा प्रक्रिया केलेल्या मांसाला 'निश्चित कारणीभूत' गटात टाकलं. रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेलं मांस खाल्लं तर आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. म्हणून शिजवलेलं लाल मांस आठवड्याला साधारण ३५० ते ५०० ग्रॅमच्या वर जाऊ देऊ नये आणि सलामी-सॉसेज घरी आणूच नये. पण 'कमी खा' आणि 'गुन्हेगार तोच' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

चुकीच्या आरोपीला शिक्षा झाली की भोगतं कोण?

माझा राग खरा इथे आहे. घरातल्या कर्त्या पुरुषाला बीपी निघालं की मटण सगळ्या घराचं बंद होतं. पाव, खारी, फरसाण, चीज मात्र चालू राहतं. पुरुषाचं बीपी जिथल्या तिथे आणि बायकोचं हिमोग्लोबिन ८ वर! राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. मांसातलं लोह शरीरात पालेभाज्यांमधल्या लोहापेक्षा सहज शोषलं जातं, शिवाय मांसातून बी-१२ मिळतं. जे घर पिढ्यान्‌पिढ्या मांसाहारी आहे, तिथल्या बाईचं ते एका वाक्यात तोडायचं आणि त्या जागी काहीच द्यायचं नाही, हा उपचार नव्हे.

काही डॉक्टरही याला हातभार लावतात. चिठ्ठीवर 'नॉनव्हेज बंद' लिहायला दोन सेकंद लागतात. पाव-चीज-सॉस-लोणच्याचा हिशोब विचारायला दहा मिनिटं लागतात. तुमच्या चिठ्ठीवर असं लिहिलेलं असेल तर नम्रपणे विचारा : "डॉक्टर, नेमकं कशासाठी बंद?" विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

खायचंच असेल तर असं करा

१. चरबी नसलेलं मांस घ्या. खाटकाकडे 'अंडरकट' मागा. अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवलं की पातळ काप सहज पडतात. काप धाग्याला आडवे कापा, म्हणजे चावायला सोपे.
२. मिठाऐवजी काळी मिरी, लसूण, लिंबू लावा. मटण असेल तर थोडी कच्ची पपई वाटून वीस मिनिटं लावून ठेवा.
३. तवा कडक तापवा, एक चमचा तेल पुरे. माणशी ७५ ते १०० ग्रॅम मांस भरपूर कांदा आणि ढोबळी मिरचीबरोबर परता. करपवू नका.
४. आत गुलाबी ठेवू नका. व्हिडिओतल्या 'मीडियम रेअर'च्या नादी लागू नका. कच्च्या मांसातून टेपवर्म, म्हणजे पट्टकृमी, पोटात जाऊ शकतो. पातळ काप पूर्ण शिजायला काही मिनिटंच लागतात.
५. चीजची एकच स्लाइस. बटर, सोया सॉस, टोमॅटो सॉस नको. पुदिन्याची चटणी घ्या, मीठ अगदी चिमूटभर.

आता बेरीज सुमारे ६५० मिलिग्रॅमवर येते, निम्म्याहून कमी. शाकाहारी वाचकांनी मांसाऐवजी घरी फाडलेल्या दुधाचं ताजं पनीर वापरावं. त्यात वरून मीठ नसतं. सोबत चहा मात्र नको. चहा शाकाहारातल्या लोहाचं शोषण अडवतो, तो तासाभराने प्या.

कोणी जपून?

मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रोसेस्ड चीजमधलं फॉस्फेट त्रासदायक ठरतं आणि मांसाचं प्रमाणही डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. युरिक ॲसिड वाढलेल्यांनी लाल मांस मोजूनच खावं. टीबीसाठी लिनेझोलिड किंवा आयसोनियाझिड चालू असेल तर जुनं मुरवलेलं चीज आणि सोया सॉस टाळा. त्यातल्या टायरामिनमुळे छातीत धडधड होऊ शकते, लिनेझोलिडबरोबर रक्तदाब एकदम वाढूही शकतो.

उद्या दुकानात चीज घेताना पाकीट उलटं करा आणि 'सोडियम'च्या ओळीवर बोट ठेवा. शंभर ग्रॅममागे १४०० च्या आसपास आकडा दिसला, तर तुमचं बीपी का उतरत नाही याचं एक उत्तर तुमच्या हातात आहे. आणि ते उत्तर खाटकाच्या दुकानातून आलेलं नाही.

(ही माहिती सर्वसाधारण आहे. चालू औषधं स्वतःहून बंद करू नका. आहारात मोठा बदल करण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोला.)