मधे आलेले कपाट

पोलीस मालिका काढणाऱ्यांचा ठाण्यातल्या कॉरिडॉरवर फार जीव. चौकशीच्या खोलीत संवाद असतात, कोठडीत अंधार असतो. पण प्रेक्षकाचा श्वास अडकवायचा तर संशयिताला कॉरिडॉरमधून चालवत न्यायचे. अरुंद भिंती, डोक्यावर लुकलुकणारी ट्यूब, मागून बुटांचा आवाज, टोकाला बंद दार. ऑस्ट्रेलियात हा उद्योग 1964 च्या ‘होमिसाइड’पासून चालू आहे. ‘ब्लू हीलर्स’ने तर 1994 ते 2006 अशी बारा वर्षे माउंट थॉमस नावाच्या काल्पनिक गावातले ठाणे घरोघरी नेले.

खऱ्या ठाण्यातला एक कॉरिडॉर मात्र ऑस्ट्रेलियात कुणालाच नीट दिसला नाही.

19 नोव्हेंबर 2004. क्वीन्सलँडच्या किनाऱ्यासमोर, टाऊन्सव्हिलजवळचे पाम बेट. मुलरुंजी हा 36 वर्षांचा ॲबोरिजिनल माणूस सकाळी रस्त्याने चालला होता. (मृताचे नाव उच्चारायचे नाही, अशी तिथली रीत. मुलरुंजी हे मृत्यूनंतर वापरलेले नाव.) सार्वजनिक उपद्रवाच्या नावाखाली तिथल्या ठाण्याच्या सार्जंटने त्याला व्हॅनमध्ये घातले. ठाण्याच्या दारात झटापट झाली. पायरीला अडखळून दोघेही आतल्या बोळात पडले. तिथून त्याला ओढत कोठडीत नेले. अटकेपासून तासाभरात तो मेलेला होता. चार बरगड्या मोडलेल्या, यकृत जवळजवळ दुभंगलेले.

कोठडीत कॅमेरा होता. तो चालूही होता. फरशीवर तळमळणारा माणूस त्याने इमानेइतबारे टिपला. बोळात कॅमेरा नव्हता. तिथे एक साक्षीदार होता, खुर्चीवर बसलेला. आणि तो व खाली पडलेला माणूस यांच्या मधे फायलींचे कपाट होते. सार्जंटचे कोपर वर-खाली होताना आपण पाहिले, असे त्याने सांगितले. कोपराच्या खाली काय चालले होते, ते कपाटाआड.

त्या कपाटाने पुढची साडेपाच वर्षे सगळ्यांना अडवून धरले. सार्जंट आधी म्हणाला, मी त्याच्या शेजारी पडलो. खटल्यात म्हणाला, अंगावर पडलो असलो पाहिजे. 2006 मध्ये उपकॉरोनर क्रिस्टीन क्लेमंट्स यांनी निष्कर्ष काढला की मृत्यू सार्जंटच्या मारामुळे झाला. जून 2007 मध्ये टाऊन्सव्हिलच्या ज्युरीने सार्जंटला निर्दोष सोडले. 2010 मध्ये नव्याने चौकशी झाली. त्या कॉरोनरांचे म्हणणे, इजा मुद्दाम झाली की पडण्यामुळे, हे सांगता येत नाही. एक ठाणे, एक बोळ, काही सेकंद. उत्तरे तीन. चौकशीसाठी बेटावर आलेले पोलीस पहिल्याच रात्री त्याच सार्जंटच्या घरी जेवले, हेही नोंदीवर आहे. जेवणाबद्दल मात्र कुणाचे दुमत नाही.

ऑस्ट्रेलियाला हा प्रश्न नवा होता, असेही नाही. 1991 मध्ये तिथल्या शाही आयोगाने कोठडीतल्या 99 ॲबोरिजिनल मृत्यूंचा तपास करून 339 शिफारशी केल्या होत्या. कोठडी कशी असावी, आतल्या माणसावर लक्ष कसे ठेवावे, हेही त्यात बारकाईने होते. पाम बेटावरच्या कोठडीत कॅमेरा होता. पण माणूस कोठडीत पोचला तेव्हा जे व्हायचे ते होऊन गेले होते. कॅमेऱ्याने मरण टिपले, कारण टिपले नाही.

आपल्या ‘अर्धसत्य’ची आठवण इथे होते. 1983 चा चित्रपट, श्री. दा. पानवलकरांची ‘सूर्य’ ही कथा, तेंडुलकरांची पटकथा. त्यातला पोलीस अधिकारी अनंत वेलणकर कोठडीत एका किरकोळ चोराला मरेस्तोवर मारतो. पुढे तो आणि त्याचे खाते काय सांगतात, काय दडपतात, हे आपण तोलू शकतो, कारण आपण पाहिलेले असते. पडद्यावरचा सगळा ताण त्या पाहण्यावर उभा असतो. पाम बेटावरच्या बोळात पाहणाराच नव्हता. जो होता, त्याच्यासमोर कपाट होते.

2004 हे साल आणखी एका कारणाने लक्षात राहते. त्या वर्षी ‘ब्लू हीलर्स’मधले ठाणे बॉम्बने उडवले गेले. मालिका शिळी झाली होती, तिला ताजे करायचे होते. मग नवा सेट उभा राहिला, आधीपेक्षा गडद. पाम बेटावर शवविच्छेदनाचा निष्कर्ष, म्हणजे इजा पडण्यामुळे होऊ शकतात हे, 26 नोव्हेंबरला लोकांना वाचून दाखवले गेले, आणि लोकांनी ठाणे पेटवले. मालिकेतले ठाणे उडाले तेव्हा कॅमेरे जागच्या जागी होते.

हे सगळे दूरच्या बेटावरचे म्हणून सोडून देण्यासारखे नाही. 2 डिसेंबर 2020 रोजी परमवीर सिंग सैनी प्रकरणात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने देशातल्या प्रत्येक ठाण्यात कॅमेरे बसवण्याचा आदेश दिला. न्यायमूर्तींनी ‘ठाण्यात’ एवढे म्हणून विषय संपवला नाही. जागा मोजून लिहिल्या: मुख्य दार, सगळ्या कोठड्या, सगळे कॉरिडॉर, व्हरांडे, निरीक्षकाची खोली, स्वच्छतागृहाबाहेरची जागा. आवाजही टिपला पाहिजे, अंधारातही दिसले पाहिजे. चित्रण अठरा महिने जपायचे, आणि तशी साधने मिळत नसतील तरी वर्षाच्या खाली यायचे नाही. कॉरिडॉर हा शब्द त्या यादीत आहे, हे महत्त्वाचे. कुणीतरी बोळाचा विचार केला होता. तरीही 2025 मध्ये त्याच न्यायालयाला बंद कॅमेऱ्यांचा विषय स्वतःहून पुन्हा हाती घ्यावा लागला.

पासपोर्टच्या पडताळणीसाठी, नाहीतर हरवलेल्या मोबाइलच्या तक्रारीसाठी, आपल्यापैकी बहुतेकांना कधीतरी ठाण्यात जावे लागते. बाकावर बसून वाट पाहण्यात तासभर सहज जातो. त्या तासात एकदा मान वर करून पाहा. व्हरांड्यात कॅमेरा आहे का? असला, तर त्याच्या आणि कोठडीच्या दाराच्या मधे काय ठेवले आहे?