विश्लेषण : बाप्तिस्मा म्हणजे धर्मांतराचा दाखला, की त्याहून वेगळे काही?

गोंदियाहून छत्तीसगडच्या दिशेने रेल्वे निघाली की आमगाव, सालेकसा, डोंगरगड मागे टाकत राजनांदगावला पोहोचते. १८९३ मध्ये कवी नारायण वामन टिळक याच लोहमार्गाने राजनांदगाव संस्थानातील नोकरीसाठी निघाले होते. त्या रेल्वेप्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाशी त्यांचे बोलणे झाले आणि त्याने त्यांच्या हाती 'नवा करार' ठेवला. टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तो १० फेब्रुवारी १८९५ रोजी, मुंबईत. पुस्तक हाती आले त्यानंतर पाणी डोक्यावर पडेपर्यंत वर्षाहून अधिक काळ गेला. मधला हा काळ वाचन, शंका आणि घालमेलीचा होता.

आज 'बाप्तिस्मा' हा शब्द बातम्यांत येतो तो बहुतेक वेळा धर्मांतराच्या वादात. एका बाजूला किती बाप्तिस्मे झाले याचा अभिमान, दुसऱ्या बाजूला त्याच आकड्याची भीती. या दोन्हींत मूळ संस्काराचा अर्थ मात्र हरवतो.

कॅथलिक श्रद्धेत बाप्तिस्मा म्हणजे काय?

कॅथलिक चर्च सात संस्कार मानते. त्यातला पहिला बाप्तिस्मा. मराठी कॅथलिक त्याला 'स्नानसंस्कार' असेही म्हणतात. हा संस्कार झाल्याशिवाय बाकीचे सहा घेता येत नाहीत. मूळ पापातून मुक्ती, ख्रिस्ताच्या मरणात आणि पुनरुत्थानात सहभाग आणि चर्चच्या कुटुंबात प्रवेश असे तीन अर्थ त्यात एकत्र येतात. पाण्यात जुने जीवन बुडते आणि माणूस नवा होऊन वर येतो, ही त्यामागची कल्पना.

चर्चच्या मते या संस्काराचा ठसा आत्म्यावर कायमचा उमटतो. म्हणून तो आयुष्यात एकदाच होतो. दुसऱ्या ख्रिस्ती पंथात पाण्याने आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा झाला असेल, तर कॅथलिक चर्च तो मान्य करते, पुन्हा देत नाही.

प्रत्यक्ष विधीत काय घडते?

धर्मगुरू डोक्यावर तीनदा पाणी ओततात किंवा पाण्यात बुडवतात. सुगंधी पवित्र तेल लावले जाते, पांढरे वस्त्र दिले जाते. ईस्टरच्या मोठ्या मेणबत्तीवरून एक छोटी मेणबत्ती पेटवून कुटुंबाच्या हाती देतात. बाळासोबत धर्ममाता किंवा धर्मपिता असतात. श्रद्धेच्या वाटेवर त्याला साथ देण्याची जबाबदारी ते घेतात.

शब्दांबाबत चर्च किती काटेकोर आहे? २०२० मध्ये व्हॅटिकनने स्पष्ट केले, की विधीत 'मी' ऐवजी 'आम्ही तुला बाप्तिस्मा देतो' असे म्हटले असेल, तर तो बाप्तिस्मा झालाच नाही, असे समजावे. दुसरीकडे, जीव धोक्यात असेल तर धर्मगुरूचीही अट नाही. योग्य हेतू ठेवून कुणीही, अगदी बाप्तिस्मा न झालेली व्यक्तीसुद्धा, हा संस्कार देऊ शकते.

तान्ह्या बाळाच्या संमतीचे काय?

हा प्रश्न ख्रिस्ती पंथांतही जुना आहे. बाप्टिस्टांसारखे काही पंथ जाणत्या वयातच बाप्तिस्मा देतात. कॅथलिक चर्चचे उत्तर असे, की हा संस्कार कमावण्याची गोष्ट नाही, ती देणगी आहे. बाळाला नाव, भाषा आणि घर जसे न मागता मिळते, तसेच हे. मात्र सर्वसाधारणपणे आई किंवा वडील यांपैकी किमान एकाची संमती लागते आणि मूल त्या श्रद्धेत वाढेल अशी रास्त आशा असावी लागते. मोठेपणी दृढीकरणाच्या संस्कारात ती श्रद्धा अधिक पक्की होते.

प्रौढांसाठी नियम कोणते?

इथे चर्चचा कायदा नेमका आहे. प्रौढ व्यक्तीने स्वतः इच्छा व्यक्त केलेली असावी, तिला शिकवणीची पुरेशी ओळख असावी आणि तयारीच्या काळात तिची पारख झालेली असावी. ही तयारी महिनोन्महिने चालते. बाप्तिस्मा बहुधा ईस्टरच्या आदल्या रात्री दिला जातो. प्रौढ व्यक्तीची इच्छाच नसेल, तर पाणी ओतूनही बाप्तिस्मा होत नाही.

इतिहास नेहमी इतका स्वच्छ नव्हता. १५५९ मध्ये पोर्तुगीज राजाच्या हुकमाने गोव्यातील अनाथ हिंदू मुले ताब्यात घेऊन त्यांना बाप्तिस्मा देण्याची व्यवस्था झाली. पुढच्याच वर्षी तिथे इन्क्विझिशन आले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा स्वीकारला. श्रद्धेसाठी बळजबरी किंवा आमिष नको, हेही परिषदेने स्पष्ट केले. गोव्याची आठवण असलेल्या समाजाला शंका येत असेल, तर तिला केवळ द्वेष म्हणून झटकता येणार नाही.

भारतीय कायदा बाप्तिस्म्याकडे कसा पाहतो?

१९५४ मध्ये तत्कालीन मध्य प्रदेश सरकारने मिशनऱ्यांच्या कामाच्या चौकशीसाठी नियोगी समिती नेमली. तेव्हा गोंदियाचा भाग त्याच राज्यात, भंडारा जिल्ह्यात होता. पुढे १९६८ मध्ये मध्य प्रदेशाने बळजबरी, फसवणूक आणि आमिषाच्या धर्मांतराविरुद्ध कायदा केला. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. धर्मप्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असे न्यायालयाने म्हटले.

आरक्षणाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. देवरी, सालेकसा पट्ट्यातील गोंड किंवा हलबा व्यक्तीने बाप्तिस्मा घेतला तरी अनुसूचित जमातीचा दर्जा आपोआप जात नाही, कारण त्या यादीला धर्माची अट नाही. अनुसूचित जातींसाठी ती आहे. १९५० च्या आदेशात हा दर्जा फक्त हिंदूंना होता. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर केंद्राच्या सवलतींसाठी ३४ वर्षे वाट पाहावी लागली, हे पूर्व विदर्भाला वेगळे सांगायला नको. दलित ख्रिस्ती अजूनही बाहेर आहेत. धर्मांतरित दलितांच्या प्रश्नाचा अभ्यास करण्यासाठी केंद्राने २०२२ मध्ये आयोग नेमला.

२६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीतील एका महिलेचा अनुसूचित जातीच्या दाखल्याचा दावा फेटाळला. तिचा बाप्तिस्मा तान्हेपणी झाला होता. मात्र न्यायालयाने केवळ चर्चमधील नोंद पाहिली नाही, तिचे नियमित चर्चला जाणेही लक्षात घेतले. मनापासून श्रद्धा नसताना केवळ आरक्षणासाठी धर्म सांगणे ही राज्यघटनेशी फसवणूक आहे, असे निकालात म्हटले आहे.

मग मुद्दा काय उरतो?

बाप्तिस्म्याने जात जाते, असे गृहीत धरून १९५० चा आदेश चालतो. चर्चही तेच शिकवते, पण तमिळनाडूत काही ठिकाणी दलित ख्रिस्तींसाठी दफनभूमीतही वेगळी जागा राखली गेली. पाणी डोक्यावर पडल्याने समाजाच्या नजरेतील जात धुतली जात नाही. म्हणून दर्जा ठरवताना धर्माच्या रकान्याऐवजी प्रत्यक्ष भेदभाव पाहणे अधिक न्याय्य ठरेल. त्याचबरोबर आपल्याच अंगणातील भिंती पाडण्याची जबाबदारी चर्चला टाळता येणार नाही.

धर्मांतराच्या वादातही चर्चचाच नियम कसोटी म्हणून पुरेसा आहे. घाईने बाप्तिस्मा देणारा प्रचारक आधी स्वतःच्या धर्माचा नियम मोडतो. आणि समजून-उमजून, वाट पाहून घेतलेल्या प्रौढाच्या निर्णयावर सरसकट संशय घेणारा त्या माणसाच्या विवेकाचा अपमान करतो.

टिळकांच्या घरातच याचे उत्तर सापडते. पतीच्या बाप्तिस्म्याने लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळले. काही वर्षे दोघे वेगळे राहिले. पुन्हा एकत्र आल्यावरही त्या लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. जातीपातीविषयीचे त्यांचे विचार हळूहळू बदलले आणि पतीनंतर सुमारे पाच वर्षांनी त्यांनी स्वतःच्या मनाने बाप्तिस्मा घेतला. ती सगळी घालमेल 'स्मृतिचित्रे'त आहे. खुद्द टिळकांनी १९१७ मध्ये 'देवाचा दरबार' सुरू केला, तेव्हा त्यात बाप्तिस्मा झालेल्यांबरोबर न झालेल्यांनाही जागा ठेवली. टिळक प्रोटेस्टंट होते आणि कॅथलिक चर्चला ही मोकळीक मान्य झाली नसती. पण पाणी ओतायला काही क्षण पुरतात आणि तिथवर पोहोचायला वर्षे लागतात, ही या घराची शिकवण दोन्ही पंथांना आणि पंथांबाहेरच्यांनाही लागू पडते.