उत्तर ठाऊक असलेले प्रश्न

मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजीचा तास चालू आहे. शिक्षक हातातील पेन उंच धरून विचारतात, "व्हॉट इज धिस?" वर्ग एका सुरात उत्तरतो, "धिस इज अ पेन." उत्तर निर्दोष आहे, मात्र कोणी कोणाला काही सांगितले, असे म्हणता येत नाही. ते पेन आहे हे विचारणाऱ्यालाही ठाऊक होते.

एस.टी. स्थानकावर आपण गाडीची वेळ विचारतो, ती ठाऊक नसते म्हणून. मायकेल लाँग व शार्लीन सातो यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हाच फरक दाखवला : इंग्रजीच्या वर्गात उत्तर आधीच ठाऊक असलेल्या प्रश्नांचा भरणा असतो, तर वर्गाबाहेरील संभाषणात असे प्रश्न जवळजवळ आढळत नाहीत. महाराष्ट्रात २०००पासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जाते. म्हणजे दहावीपर्यंत दहा वर्षे. एवढ्या काळात स्वतःची एखादी गोष्ट इंग्रजीतून सांगण्याची वेळच आली नाही, तर मुलाखतीत तोंड उघडत नाही याचा दोष विद्यार्थ्याच्या बुद्धीला कसा द्यावा?

अशा प्रश्नांना वर्गात स्थानच नाही, असे माझे म्हणणे नाही. नवे शब्द व उच्चार रुळवण्यासाठी ते हवेतच. साठ मुलांच्या वर्गात तर सामुदायिक उत्तर हा शिक्षकाचा मोठाच आधार असतो. (मीही तो पुष्कळदा घेतला आहे.) परंतु तास तेथेच संपू नये.

"काल सुट्टीत काय केलेस?" हा प्रश्न इंग्रजीतून विचारला, तर एखादा मुलगा अडखळत म्हणेल, "येस्टरडे आय गो टू मामाज हाऊस." "गो नव्हे, वेंट!" असे शिक्षकांनी तत्काळ बजावले, की संभाषण संपते. उलट "ओह, यू वेंट टू मामाज हाऊस! हू वॉज देअर?" असे म्हटल्यास योग्य रूप कानावर पडते आणि बोलणेही पुढे सरकते.

आणि थांबावे लागते. अमेरिकेतील विज्ञानाच्या वर्गांचा अभ्यास करताना मेरी बड रो यांना आढळले, की प्रश्नानंतर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन किंवा अधिक सेकंद थांबल्यास उत्तरे लांबतात. परभाषेत तर प्रश्न उमगायचा, उत्तर सुचायचे, शब्द जुळवायचे आणि धीर करून उठायचे, एवढे सारे त्या अवधीत उरकायचे असते. शेवटच्या बाकावरील मुलगी शब्द जुळवीत असते, तोवर पहिल्या बाकावरचा हात वर गेलेला असतो.