‘दोन अंकी कधी?’ हा प्रश्न आता पुरे

एकांकिका लिहिणाऱ्या पोरापोरींना प्रयोगानंतर मिळणारी दाद बहुतेक वेळा प्रश्न बनून येते. “मस्त होती. आता दोन अंकी कधी करताय?” विचारणारा प्रेमानेच विचारतो. पण त्या प्रश्नाचा सरळ अर्थ असा, की आत्ता पाहिलं ती नेट प्रॅक्टिस होती. खरी मॅच पुढे आहे.

मला या प्रश्नाशी भांडायचंय. एकांकिका हा स्वतःच्या पायावर उभा असलेला लेखनप्रकार आहे. आज मराठीत तरुण नाटककार सगळ्यात जास्त धाडस याच प्रकारात करतायत. आणि आपण त्यांना टाळ्या देतो, शिट्ट्या देतो, स्टोरी टाकतो, पण त्यांचं लिहिलेलं वाचत नाही. जे वाचलं जात नाही, ते टिकत नाही.

जी. ए. कुलकर्णी आयुष्यभर कथा लिहीत राहिले. म्हणून त्यांना कुणी ‘कादंबरीच्या तयारीतला माणूस’ म्हणत नाही. कथेला आपण कथा म्हणून मोजतो. मग चाळीस मिनिटांच्या नाटकालाच लांबीची फूटपट्टी का? तुम्ही वेबसिरीजचा चाळीस मिनिटांचा एपिसोड बघता आणि त्यातल्या एका सीनवर तासभर चॅट करता. तेवढ्याच लांबीच्या, तुमच्याच वयाच्या कुणीतरी लिहिलेल्या एकांकिकेबद्दल मात्र आपल्याकडे एकच शब्द असतो. ‘भारी.’

हे असं का झालं याचं एक कारण उघड आहे. मराठीत एकांकिका जगते ती स्पर्धेच्या जिवावर. पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासकची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा १९६३ पासून आहे. मुंबईत आयएनटी आहे, पंचवीस जानेवारीची रात्र जागवणारी चतुरंगची सवाई आहे. या स्पर्धा नसत्या तर कॉलेजातल्या कितीतरी मुलांनी पेनच उचललं नसतं, हे मी आधीच मान्य करून टाकतो. भरत नाट्य मंदिरात ‘आव्वाज कुणाचा’ची आरोळी उठते तेव्हा अंगावर काटा येतो, माझ्याही येतो.

पण स्पर्धा एका मर्यादेपर्यंतच पोचवते. तिचं काम क्रमांक लावणं. क्रमांक लागला की विषय संपतो. २०२२ साली पुरुषोत्तमच्या परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नाही. तो निर्णय बरोबर की चूक यात मला आत्ता पडायचं नाही. मला आठवतं ते त्यानंतरचं माझं फीड. करंडक द्यायला हवा होता का, परीक्षकांना तो अधिकार आहे का, मुलांच्या मेहनतीचं काय, यावर सगळे हिरिरीने बोलत होते. त्या वर्षीच्या एकांकिका नेमकं काय म्हणत होत्या, कुठली कुठे फसली, कुठल्या लेखकाला कुठला प्रसंग साधला, यावर माझ्या वाचनात एक धड परिच्छेद आला नाही. भांडण कपाचं होतं. चहा कसा होता, हे कुणी विचारलंच नाही.

याचे परिणाम फार साधे आणि फार वाईट असतात. माझ्या एका मैत्रिणीने एकविसाव्या वर्षी एकांकिका लिहिली होती. दोन बहिणी, वारलेल्या आईचं कपाट आणि साड्यांची वाटणी, बस. लेखनाचं बक्षीस मिळालं. मध्यंतरी मी तिच्याकडे संहिता मागितली तर ती म्हणाली, “माझ्याकडे नाहीये रे. ग्रुपवर पीडीएफ होती, तो फोन गेला.” दिग्दर्शकाकडे नाही, नटांकडे आपापल्या संवादांची पानं होती, तीही गेली. सर्टिफिकेट आहे, लॅमिनेट केलेलं. नाटक नाही.

गंमत बघा. महाराष्ट्रात नाटक रंगमंचावर आणायचं तर संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. म्हणजे लिहिलेलं नाटक कागदावर वाचण्याची चिकाटी आपल्याकडे सरकारी यंत्रणेला आहे. वाचकाला नाही.

छापलेल्या आणि वाचलेल्या एकांकिकेचं काय होऊ शकतं, हे आपल्याला माहीत आहे. १९६७ साली नागपूरच्या महेश एलकुंचवार नावाच्या तरुण प्राध्यापकाची ‘सुलतान’ ही एकांकिका ‘सत्यकथा’त आली. मुंबईत विजया मेहतांनी ती वाचली आणि एलकुंचवारांच्या एकांकिका रंगमंचावर आल्या. मध्ये ना स्पर्धा होती ना ओळखपाळख. मध्ये होतं एक मासिक आणि एक वाचक. त्याच काळातली त्यांची ‘होळी’ घ्या. कॉलेज हॉस्टेलमधली मुलं, न मिळालेली सुट्टी, आणि चेष्टेचं बघता बघता हिंसेत होणारं रूपांतर. केतन मेहतांनी १९८० च्या दशकात तिच्यावरून सिनेमा केला. रॅगिंग आणि झुंडीच्या बातम्या आजही येतात, आणि म्हणून ‘होळी’ आजही वाचता येते. ती वाचता येते, कारण ती छापलेली आहे. माझ्या मैत्रिणीच्या त्या दोन बहिणींना ही सोय नाही.

आता कुणी म्हणेल, ‘देवबाभळी’ बघा की! एकांकिकेचं नाटक झालं, भद्रकालीने ते व्यावसायिक रंगभूमीवर आणलं, प्राजक्त देशमुखांना २०२० चा साहित्य अकादमी युवा पुरस्कार मिळाला. बरोबर, आणि आनंदच आहे. पण ही गोष्ट आपण सांगतो कशी? शिडीची गोष्ट म्हणून. ‘बघा, कुठून कुठे गेलं!’ मला त्यातली खरी करामत वेगळीच वाटते. तुकोबांची आवली आणि विठ्ठलाची रखुमाई या दोघींना एका छपराखाली आणायचं, त्यासाठी निमित्त काय तर पायात मोडलेला बाभळीचा काटा, आणि ज्या दोन पुरुषांबद्दल सगळं बोलणं चाललंय त्यांना रंगमंचाबाहेरच ठेवायचं. ही कल्पनाच एकांकिकेची आहे. थोडी माणसं, एक जागा, एक दुखरा बिंदू. लांबी नंतर वाढली. काटा पहिल्यापासून तिथेच होता.

असं बोलायला लागलो की आस्वाद सुरू होतो. त्याला नाट्यशास्त्राची पदवी लागत नाही. एकांकिका बघून बाहेर पडल्यावर तीन प्रश्न स्वतःला विचारून बघा. लेखकाने गोष्ट नेमकी याच क्षणी का सुरू केली? कोणतं माणूस रंगमंचावर आणलंच नाही? आणि शेवटचा धक्का काढून टाकला तर हातात काय उरतं?

तिसरा प्रश्न जरा टोचणारा आहे, आणि तो टोचायलाच हवा. कारण कौतुक म्हणजे ओवाळणं नव्हे. आजच्या अनेक एकांकिका एका साच्यातून निघतात, हे मी बघत आलोय. पहिल्या पाच मिनिटांत हशा, मध्ये समूहाची जोरदार हालचाल, मग संगीत सांगेल तिथे रडायचं आणि शेवटच्या मिनिटाला पत्ता उघडायचा. ब्लॅकआउट, टाळ्या. लेखकांना दुसरं काही येत नाही असं नाही. एका प्रयोगात, दोन-तीन परीक्षकांवर, दिवसभराच्या पाच-सहा एकांकिकांच्या गर्दीत ठसा उमटवायचा असेल तर माणूस मोठ्यानेच बोलणार. हळू बोलणाऱ्या नाटकाला ऐकणारा लागतो. तो आपण व्हायचंय.

यावर नेहमीचा आक्षेप येतो. “एकांकिकेला तिकीट काढून कोण येतं?” आता पुण्यात सुदर्शन रंगमंच आहे, द बॉक्स आहे. मुंबईत वर्सोव्याच्या आरामनगरात छोट्या जागा आहेत. पन्नास-शंभर लोकांसमोर एका संध्याकाळी दोन एकांकिका करता येतात. तरीही फुकट पासची सवय आपल्याला लागलेली आहे, हे खरंच. मित्राची एकांकिका म्हणजे मित्राने पास द्यायचा. त्याच मित्राबरोबर आपण नंतर तीनशे रुपयांची कॉफी पितो.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. “संहिता वाचण्यासाठी नसतेच, नाटक प्रयोगात असतं.” प्रयोगाची जागा कागद घेऊ शकत नाही, हे कोण नाकारतंय? पण प्रयोग त्या रात्रीसोबत संपतो. सोलापूरच्या किंवा सावंतवाडीच्या एखाद्या मुलीला भरत नाट्यमधली ती रात्र कधीच मिळणार नाही. तिला मिळू शकते ती संहिता. ती वाचून ती स्वतःच्या गावात, स्वतःच्या बोलीत, वेगळ्या नटांना घेऊन ते नाटक पुन्हा उभं करू शकते. तेंडुलकरांच्या, आळेकरांच्या एकांकिकांचे संग्रह निघाले म्हणून त्या पिढ्यानपिढ्या पुन्हा पुन्हा करता आल्या. आजच्या लेखकांच्या वाट्याला हे भाग्य आपणहून येणार नाही.

म्हणून माझ्या मागण्या अगदी छोट्या आहेत. संयोजकांनी निकालाबरोबर अंतिम फेरीतल्या संहिताही, लेखकाच्या परवानगीने आणि मानधन देऊन, ऑनलाइन टाकाव्यात. आपल्यासारख्या वेबझिन्सनी कथा-कविता छापतो तशी एकांकिका छापावी. फोनवर संवाद वाचायला तर कादंबरीपेक्षा सोपे असतात. तुम्ही स्टोरी टाकाल तेव्हा नटासोबत लेखकालाही टॅग करा, आणि ‘भारी’च्या पुढे एक वाक्य लिहा. फसलेल्या एकांकिकेबद्दल तर दोन लिहा. लिहिणाऱ्याला त्याचा जास्त उपयोग होतो.

आणि प्रयोगानंतर लेखक विंगेजवळ घामाघूम उभा दिसला, तर ‘दोन अंकी कधी?’ हे विचारू नका. “संहिता वाचायला देशील?” असं विचारा. त्याच्याकडे ती नसेल, तर निदान शोधायला तरी लागेल.