चौकातली फाशी आणि १ जूनचा जन्म

बीड जिल्ह्यात कुठेही लैंगिक अत्याचाराची बातमी फुटली की बंद पुकारला जातो, मोर्चा निघतो आणि माइक एका विशिष्ट गृहस्थांच्या हाती जातो. तालुका बदलतो, गृहस्थ बदलत नाहीत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: नराधमाला कसले आलेत हक्क? एकाही वकिलानं वकीलपत्र घेऊ नये, खटल्याचा फार्स नको, चौकात फासावर द्या. आणि हक्कांची भाषा करणाऱ्याच्या घरी लेकीबाळी नसाव्यात. टाळ्या पडतात. ज्यांना पटलेलं नसतं तेही वाजवतात. शेजारचा बघत असतो.

वकीलपत्राचा मुद्दा फार वेळ खाण्याच्या लायकीचा नाही. वकीलपत्र न घेण्याचे वकील संघटनांचे ठराव बेकायदा आहेत, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्येच सांगून टाकलंय. २६/११ च्या मुंबई हल्ल्यातल्या कसाबलासुद्धा वकील मिळाला होता, आणि फाशी चुकली नाही.

खरी गोम पुढे आहे. पोलिसांनी धरला तोच गुन्हेगार, या एका गृहीतावर गृहस्थांचं सगळं भाषण उभं असतं. ५ जून २००३ च्या रात्री नाशिक जिल्ह्यातल्या एका शेतवस्तीवर दरोडा पडला, खून झाले, बलात्कार झाला. पकडले गेले ते भटक्या जमातीतले सहा गरीब मजूर. २००६ मध्ये सत्र न्यायालयानं सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयानं तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली, तर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सहाही जणांना फासाकडे वळवलं. चौकातल्या न्यायाला आणखी काय हवं होतं? पण कागद पुन्हा उघडले गेले. वाचलेल्या बाईनं सुरुवातीलाच पोलिसांनी दाखवलेल्या फोटोंमधून चार वेगळेच गुन्हेगार ओळखले होते. त्या चौघांवर खटला भरलाच गेला नाही. ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकाला ५ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली. तोवर सोळा वर्षं गेली होती. मध्यंतरी त्यांच्यातला एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हेही सिद्ध झालं. म्हणजे कायद्यानं ज्याला फाशी देताच येत नाही असा पोरगा वर्षानुवर्षं फाशीच्या छायेत होता. आणि त्या बाईनं ओळखलेल्या चौघांचं काय? गृहस्थांनी यावर कधीतरी मोर्चा काढावा.

वयाचा हा घोळ ऊसतोडीच्या मुलखात नवा नाही. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घ्यायची तर नवरा-बायकोची जोडी, म्हणजे ‘कोयता’, लागतो. म्हणून पोरींची लग्नं सोळाव्या वर्षी उरकतात. अक्षता टाकायला गृहस्थ पहिल्या रांगेत. पुढे पोरगी बाळंतपणाला सरकारी दवाखान्यात जाते, वय निघतं अठराच्या आत, आणि पॉक्सो या बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्यानुसार डॉक्टरांना पोलिसांना कळवावंच लागतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानंतर ‘बायकोच आहे’ हा बचावही उरलेला नाही. तो उरू नये, हेच बरोबर. पण तिच्या वीस वर्षांच्या नवऱ्याला कोठडीत घातल्यावर सगळा खटला शाळेच्या निर्गम उताऱ्यावर येऊन थांबतो. तिथं जन्मतारीख काय? १ जून. गुरुजींनी पोरगी शाळेत घालताना अंदाजानं लिहिलेली; खेड्यातल्या कितीतरी जणांचा वाढदिवस त्याच दिवशी. ही तारीख खरी की सोयीची, हे विचारायला न्यायालयात कुणीतरी उभं राहायला नको?

‘पण मथुरा प्रकरणात काय झालं?’ असा जुना प्रश्न इथं हमखास येतो. १९७२ मध्ये देसाईगंज पोलीस चौकीत मथुरा या आदिवासी मुलीवर झालेला बलात्कार, १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयातून सुटलेले दोन पोलीस. पण ते आरोपीच्या हक्कांमुळे सुटले नाहीत. अंगावर जखमा नाहीत म्हणजे संमती होती, या न्यायालयाच्या समजुतीमुळे सुटले. म्हणून १९८३ मध्ये बदल झाला तो बलात्काराच्या आणि पुराव्याच्या कायद्यात. आरोपीचा वकील कुणी काढून घेतला नाही.

बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराचं एका ओळीत सांगता येईल: २३ सप्टेंबर २०२४ रोजी आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळीनं मेला, पेढे वाटले गेले, दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत पाच पोलिसांवर ठपका आला, आणि त्याच्यावरचे आरोप भर न्यायालयात सिद्ध होण्याची संधी त्या चिमुरड्या मुलींच्या हातून गेली.

मग हवं काय? फार काही नाही. अटकेची कारणं आरोपीला समजतील अशा भाषेत सांगावीत, चोवीस तासांत त्याला न्यायाधीशापुढे उभं करावं, मारून कबुली घेऊ नये. हे हक्क म्हणजे पोरीला पिंजऱ्यात छळायचा परवाना नव्हे. पॉक्सोच्या खटल्यात बचावाचा वकील मुलाला थेट प्रश्न विचारूच शकत नाही; तो प्रश्न न्यायाधीशांकडे देतो, न्यायाधीश ते विचारतात. कोठडीतल्या माणसाला १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं फुकट वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. अत्याचार झालेल्या बाईलाही मिळतो. त्यासाठी विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज करायचा असतो. कोठडीतल्या पोराच्या बापाला हे कुणी सांगितलेलं नसतं. तो वकिलाच्या फीसाठी मुकादमाच्या दारात बसलेला असतो, पुढच्या हंगामाची उचल आत्ताच मागत.